कळव्याचा फुंडी

कान्हाजी भोईरने मला पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि त्या काळी सगळेच विचारत ती जातही विचारली नाही. मी कळव्याच्या प्राथमिक शाळेत नवीनच लागलेले. त्याच्या घराची पडवी भाड्याने मिळेल असं कळलं, म्हणून ट्रंक घेऊन अंगणात उभी राहिले. तो उकिडवा बसून तांदूळ धूत होता. मान वर करून म्हणाला, "हातानं काय काम करतंस?"

मला रागच आला. मी देवरुखची, ट्रेनिंग कॉलेजात पहिली आलेली, आणि हा चड्डीतला माणूस मला हाताचं काम विचारतोय.

"खडू धरते," मी म्हटलं.

"मंग ऱ्हा," तो म्हणाला आणि पुन्हा तांदळाकडे वळला. अशी मला जागा मिळाली.

स्वातंत्र्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. कळवा म्हणजे खाडीपलीकडचं गाव, भातशेती आणि मिठागरं. मिठागराला तिथे नुसतं आगर म्हणत, आणि आगरात राबणारे ते आगरी. मी त्याला समोर अहो-जाहो करायचे, पण आठवताना मात्र तो 'तो'च आठवतो, त्याला माझा इलाज नाही. ठेंगणा, काळाभोर, डोक्याला टोपी नाही, कमरेला खाकी अर्धी चड्डी. ती चड्डी आफ्रिकेची होती. इतकी ठिगळं लागलेली की मूळ कापड आफ्रिकेचं उरलं होतं की नाही, देव जाणे.

तांदूळ मात्र तो असे धुवायचा की बघत राहावं. रुंद परात घ्यायची, थोडी तिरकी करायची आणि मनगटाला एक सावकाश फेर द्यायचा. तांदूळ एका बाजूला, खडे दुसऱ्या बाजूला, कोंडा पाण्याबरोबर बाहेर. मी त्या घरात होते तोवर माझ्या दाताखाली खडा आला नाही. मी एकदा शहाणपणाने त्याच्यासारखं करायला गेले, तर अर्धे तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले.

"पान्याला घाई नको करू, मास्तरीनबाय," तो म्हणाला. "घाईत गेलेलं पानी काय ठेवून जात नाय."

गावात त्याला फुंडी म्हणत. पोरं म्हणत, बायका म्हणत, आणि म्हणताना हसत. आफ्रिकेत कसबी कारागिराला फुंडी म्हणतात, हे त्याने एकदा कधीतरी सांगितलेलं, आणि गावाने ते त्याच्या मागे लावलं होतं. "फुंडी, जरा ही खाट ठोकून दे." "फुंडी, सोनं कधी काढतंस?" तो खाट ठोकून द्यायचा आणि दुसऱ्याला उत्तर द्यायचा नाही.

आफ्रिकेला तो गेला तो लग्नानंतर वर्षभरात. जहाजावर खलाशी म्हणून चढला, तिकडच्या एका बंदरात उतरला, आणि एका गुजराती दुकानदाराचं सामान पोचवायला म्हणून आत, पार आत, एका नदीवर गेला. त्या नदीच्या वाळूत सोनं होतं. कंपनीबिंपनी काही नाही. ज्याला खड्डा खणता येईल त्याने खणावा, वाळू धुवावी, गुंजभर मिळालं तर दुकानदाराला द्यावं. तिथल्या लोकांना खणता यायचं, पण पाणी खेळवता येत नव्हतं. कान्हाजी आगरातला. पाणी कुठून घ्यायचं, किती हळू सोडायचं, कुठे अडवायचं, हे त्याला बापाने शिकवलेलं. त्याने लाकडाची उतरती पन्हळ केली, तिच्यात गोणपाट अंथरलं, आणि वाळूवरून पाणी असं सोडलं की माती वाहून जावी आणि जड ते गोणपाटात बसावं. महिन्याभरात आजूबाजूच्या खड्ड्यांवरून माणसं त्याला बोलवायला येऊ लागली. तिथे तो फुंडी झाला. बारा वर्षं होता.

तिकडच्या गोष्टी तो फार सांगायचा नाही. सांगितल्या तर तांदूळ धुताना, आणि त्यात वाघसिंह नसायचे. मला वाघसिंह हवे असत. तो माणसांचं सांगायचा. पहिल्या पहिल्यांदा लोक पीक काढून झालं की नदीवर यायचे आणि पेरणीला परत जायचे. मग एका वर्षी काही जण पेरणीला गेलेच नाहीत. पुढल्या वर्षी त्यांच्या बायका आल्या. त्यांनी चुली मांडल्या, लापशी विकली, आणि त्यांची मिळकत नवऱ्यांपेक्षा पक्की झाली. नवऱ्यांना लोक बायकांच्या नावाने ओळखायला लागले.

"तिकडं कोन कुना गाव नाय इचारत," तो म्हणायचा. "कुळ नाय, बापाचं नाव नाय. कंच्या खड्ड्यातला, येवढंच."

"मग बरंच की," मी म्हणायचे. मला तेव्हा सुधारणेचं वेड होतं. "जातपात गेली म्हणायची."

"गेली. पर खड्डा बुजला की मंग तो कोन?"

त्याचा तिकडचा जोडीदार होता जुमा नावाचा. जुमाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मधाचं. झाडांवर पोकळ ओंडके टांगायचे, त्यांत माश्या येतात, आणि लग्न असलं की सगळा मुलूख यांच्या दारात मधाला येतो. जुमा चार वर्षं सोनं धूत राहिला. एकदा आजारी पडून घरी गेला तर ओंडके पुतण्यांनी टांगलेले, आणि गावात लग्न होतं तेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला म्हणाले, तू खड्ड्याचा माणूस. जुमा आठवड्यात नदीवर परत आला आणि पुन्हा कधी गावाचं नाव काढलं नाही. कान्हाजी हे सांगायचा आणि परातीतलं पाणी ओतून टाकायचा, संपलं.

लढाई संपल्यावर तो परतला. काहीही न आणता. गावाचा यावर विश्वास बसणं शक्यच नव्हतं. बारा वर्षं सोन्यात राहून माणूस ठिगळांची चड्डी घेऊन येतो होय? एकदा आम्ही सगळे ठाण्याच्या बाजाराला गेलेलो, परत येतो तर परसातल्या शेवग्याखाली कमरेइतका खड्डा. कोणीतरी पुरलेलं सोनं शोधून गेलं होतं. मी तावातावाने म्हटलं, पोलीसपाटलाकडे चला. कान्हाजीने खड्ड्यात वाकून पाहिलं, शेणखत टाकलं आणि दुधीचा वेल लावला. म्हणाला, येवढं खणायला मना दोन दिस लागले असते. त्या वर्षी आम्ही दुधी खाऊन खाऊन कंटाळलो.

आता हौसाबाय. ही त्याची बायको, आणि माझ्या मते त्या घरातली मोठी माणूस. नवऱ्याला 'तू' म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली ती ही. मूलबाळ नव्हतं. लग्नाला वर्ष होतंय तोच नवरा गेलेला, आणि बारा वर्षं तिने आगर एकटीने राखलं. आगराचा मालक ठाण्याला राहायचा. त्याचा नियम साधा होता, बांध राखेल त्याच्या हाती आगर. हौसाबायचं आगर खाडीच्या अगदी तोंडाशी, कोपऱ्यावर. उधाणाचं पाणी पहिलं तिच्या बांधावर आपटायचं.

एकट्या बाईला ते जमलं कसं, तर गावाच्या रीतीमुळे. खाडीचा बांध फुटला किंवा गळायला लागला, तर घरटी एक माणूस यायचं. बोलवायचं नाही, सांगायचं नाही, जेवण द्यायचं नाही. ओहोटीला खाडीतला चिखल कापायचा, ढेकळं हातोहात पुढे द्यायची, पायाने तुडवून बसवायची. बारा वर्षांत हौसाबायचा बांध पाच वेळा गेला आणि पाची वेळा गाव आलं. हे ती मोठ्या अभिमानाने सांगायची. नवरा सोन्याच्या नदीवर आहे, हे सांगताना तिचा आवाज इतका चढत नसे.

परत आल्यावर कान्हाजी तिच्या आगरात तिच्या हाताखाली राबायला लागला. ती सांगेल तिथे फळी ओढायची, मीठ गोळा करायचं, टोपल्या राशीवर ओतायच्या. कामाला वाघ होता. पण तिथे त्याला विचारायला कोणी येत नव्हतं, कारण कळव्यात पाणी खेळवणारे घरोघरी होते.

त्या वर्षी फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यात आमचा शेजारी नामा पाटील टिटवाळ्याहून आला. पंचविशीतला, लग्न नुकतंच झालेलं, टिटवाळा त्याची सासुरवाडी. तिकडे नदीच्या वाळूत पिवळे चमचमते कण सापडलेले, ते त्याने फडक्यात बांधून आणलेले. आधी तो माझ्याकडे आला, कारण शाळेत भिंग होतं. मी भिंगातून पाहिलं. खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तसं म्हणायला हवं होतं. पण मी मास्तरीण. मी म्हटलं, "सोन्यासारखं दिसतंय खरं." संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरीनबाय बोलली सोनं हाय. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नामा आणि घरटी एक गडी अशी तेवीस माणसं आमच्या अंगणात. "फुंडी, चल," नामा म्हणाला, आणि त्या दिवशी कोणी हसलं नाही. कान्हाजीने हौसाबायकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा, पर पुनवेच्या आदी ये. कोपऱ्यावर खेकड्यांनी बिलं केलीत, बांध गलतो." होळीच्या पौर्णिमेला आठ-नऊ दिवस होते, आणि ते उधाण मोठं. तो परात घेऊन गेला.

चार दिवस गेले तरी कोणी परतलं नाही. बांधाचं गळणं वाढलं. हौसाबाय आणि दोन म्हाताऱ्या चिखल लावत होत्या, पण ओहोटीत उतरून चिखल कापणारे गडी सगळे टिटवाळ्याला. रविवारी तिने मला पाठवलं. "त्याला सांग, पानी मानूस बघून थांबत नाय."

मी टिटवाळ्याला उतरून नदीपर्यंत चालत गेले, आणि मला जो कान्हाजी दिसला तो मी आधी पाहिलेलाच नव्हता. नदीत पन्हळ मांडलेली, गोणपाट अंथरलेलं, माणसं दोन्ही काठांवर कामाला लावलेली, आणि हा मधोमध उभा. "फुंडी, पानी सोडू?" "फुंडी, ही वाळू बघ." तो एका हाताच्या इशाऱ्याने पाणी थांबवत होता, सुरू करत होता. पाठ ताठ, आवाज मोठा. आमच्या अंगणात तो असा कधी बोलला नव्हता. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला, आणि निरोप सांगायला जीभ रेटेना.

सांगितला. तो म्हणाला, "उद्या येतो."

"सोनं मिळालं का?"

"वर हाय," तो म्हणाला. "अजून वर जायला पायजे." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

उद्या आला नाही, परवाही नाही. पौर्णिमेला दुपारच्या भरतीला कोपऱ्यावरचा बांध फुटला. मी शाळेतून धावत गेले तोवर आगरात कमरेइतकं पाणी, आणि मिठाच्या राशी होत्या तिथे काही नव्हतं. तीन महिन्यांचं मीठ विरघळून गेलं. आतला बांध मजबूत होता, त्यामुळे बाकी कोणाच्या आगराला धक्का लागला नाही. हौसाबाय फुटलेल्या जागेशी उभी होती. ती रडली नाही, मीच रडले. ती म्हणाली, "आवशेच्या आदी बुजवला पायजे. नायतर पुढच्या उधानाला सगला खाडीत जाईल, नि मालक दुसऱ्याला देईल."

धुळवडीला गडी परत आले. बांध फुटल्याचं कळलं तसे सगळे कोपऱ्यावर जाऊन बघून आले, हळहळले, आणि नामा म्हणाला, उधाण उतरू दे, सोमवारी सकाळी येतो सगळे. रीतच होती. मग संध्याकाळी देवळापुढे बसणं झालं, आणि तिथे नामाने पुढचं काढलं. बांध झाला की बायकापोरं घेऊन निघायचं, फुंडी म्हणतो तसं नदीच्या वर वर जायचं, पावसापर्यंत तिकडेच राहायचं. मीठ हौसाबायचं गेलं, आमचंही जाईना, सोनं मिळाल्यावर मीठ कोण ओढतंय. दोघातिघांनी माना हलवल्या. मी बायकांत बसलेले, हौसाबाय माझ्या शेजारी.

कान्हाजी म्हणाला, "तिकडं सोनं नाय."

"आता नाय?" नामा म्हणाला. "काल तर वर हाय बोलत होतास. तुला एकल्याला पायजे काय?"

कान्हाजी उठून उभा राहिला. "पहिल्या परातीतच मना कललेलं," तो म्हणाला. "सोनं जड, ते तलाला बसतं. हे पान्याबरोबर गेलं. नखानं दाबलं तर भुगा झाला. तरी मी तुमाला आठ दिस वर वर नेलं."

"कशापायी?"

तो नामाकडे वळला. मग म्हणाला, "तुमी फुंडी म्हून हाक मारलीत, नि कोन हसला नाय."

एवढंच म्हणाला. नुसतं 'मीही फसलो' म्हणाला असता तर कोणी एक शब्द विचारला नसता, सोमवारी तेवीस माणसं बांधावर असती. पण मग ती नदीवरही गेली असती, बायकापोरांसकट. त्याने जुमा पाहिलेला होता. लोक एकेक करून उठले आणि घरी गेले. हौसाबायही उठली, घरी येऊन तिने भाकऱ्या टाकल्या, त्याला वाढल्या, मला वाढल्या.

सोमवारी सकाळी ओहोटी लागली तेव्हा बांधावर हौसाबाय, कान्हाजी आणि पदर खोचलेली मी. सूर्य चांगला वर आला. गावाकडच्या वाटेवर कोणी नव्हतं. कान्हाजी चिखल कापत होता, ती तुडवत होती, मी दोन ढेकळांत धापा टाकत होते. तासाभरात हातभर काम झालं, आणि फट पंधरा हात.

हौसाबाय थांबली. वाटेकडे बघत म्हणाली, "बारा वर्सं तू नव्हतास तवा गाव आयला. आता तू हायस, तर मी एकली."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने आणखी एक ढेकूळ कापलं आणि तिच्या हातात दिलं. भरती येईपर्यंत काम केलं आम्ही.

मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले तर तो नामा पाटलाच्या दारात उभा. बगलेत वळकटी. चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "मी कल्यानला रेतीवर चाललोय. पाऊस लागंस्तो येत नाय." नामाने दार लावून घेतलं. कान्हाजी स्टेशनच्या वाटेला लागला.

हौसाबायला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला जायाला येतं." मला तिच्यापेक्षा जास्त संताप आला. बांध उघडा टाकून, बाईला उघडी टाकून निघाला पुन्हा. आठवड्याचं भाडं तोंडावर फेकून दुसरीकडे जावं असं मनात आलं, पण भाडं घेणारा जागेवर नव्हता.

बुधवारी ओहोटीला नामा पाटील बांधावर आला. फावडं खांद्यावर. हौसाबायशी बोलला नाही, सरळ चिखलात उतरला. त्याच्या मागोमाग बाकीचे. चेहऱ्यांवर राग तसाच होता, पण हात चालत होते. ढेकळं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात होती. शुक्रवारी फट बुजली, अवसेला चार दिवस बाकी होते. अवसेचं उधाण बांधावर येऊन लागलं आणि परत गेलं.

त्यानंतरच्या रविवारी मी कल्याणला रेतीबंदरावर गेले, त्याला चार शब्द सुनवायला. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. तो खाडीत छातीइतक्या पाण्यात उभा होता, टोपलीने रेती काढून होडीत टाकत होता. मला बघून काठाला आला, पण पाण्याबाहेर आला नाही. मी कशी आहे, हौसा कशी आहे, काही विचारलं नाही. म्हणाला, "बांधावर किती आयली?"

"तेवीस."

नामाच्या दारात तो चार घरांना ऐकू जाईल असं का बोलला होता, ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. तो बोटांवर गावातली घरं मोजत होता, ओठ हलत होते, नामापासून सुरू करून देवळामागच्या शेवटच्या घरापर्यंत.

"म्हंजे आमचं सोडून सगली," तो म्हणाला, आणि टोपली घेऊन पाण्यात मागे गेला.